शाळेच्या बँडसाठी पिकोलो घ्यायचाय? बेताच्या पैशांत चांगलं वाद्य कसं निवडायचं

बँडमध्ये फ्लूट बरी वाजवणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बँडमास्तर एक दिवस सांगतात, "पुढच्या परेडला पिकोलो तू वाजव." पिकोलो म्हणजे फ्लुटेची छोटी, जास्त चढ्या आवाजाची बहीण. घरी आल्यावर मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि आई-वडिलांचं डोकं चक्रावतं. एकीकडे काही हजारांत मिळणारे निळे, गुलाबी, चकचकीत पिकोलो, तर दुसरीकडे लाखाच्या घरात जाणारे लाकडी. फोटोत सगळे सारखेच दिसतात. इंदुरात दुकानात जाऊन चार पिकोलो फुंकून बघावेत असं म्हटलं, तरी तेवढा माल एका ठिकाणी मिळणं कठीण. म्हणून बरेच जण फोटो आणि किंमत बघून मागवतात. मग मूल महिनोन्‌महिने स्वतःच्या फुंकेला दोष देत बसतं, आणि दोष असतो वाद्याचा. हे टाळता येतं, म्हणूनच हा लेख जरा तपशिलात लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विद्यार्थ्याने मैदानावरच्या बँडसाठी नावाजलेल्या कंपनीचा, प्लास्टिकच्या अंगाचा आणि धातूच्या हेडचा (हेड म्हणजे फुंकायचं छिद्र असलेला वरचा तुकडा) पिकोलो घ्यावा. तो वापरलेला असला तरी चालेल, किंबहुना वापरलेलाच बघावा. ठरवलेल्या रकमेतला साधारण पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. आणि हवेची गळती तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

खरेदीआधी शाळेत विचारायच्या गोष्टी

पहिला प्रश्न अगदी साधा: शाळेकडे पिकोलो आहे का? एका बँडला सहसा एक, फार तर दोन पिकोलो पुरतात, कारण त्याचा आवाज सगळ्या पितळी वाद्यांच्या वरून निघून जातो. त्यामुळे पूर्वी कधीतरी घेतलेला एखादा पिकोलो बँडच्या कपाटात तळाशी पडलेला असू शकतो. पॅड, म्हणजे चाव्यांखालच्या भोकं झाकणाऱ्या मऊ चकत्या, बदलून तो वाजता होत असेल, तर घरातून पैसे घालायची गरजच नाही.

दुसरा प्रश्न, बँड कोणत्या प्रकारचा आहे? आपल्याकडे शाळांत ब्रास बँड असतात, पाइप (बॅगपाइपचे) बँड असतात आणि ड्रमबरोबर साध्या फ्लुटा वाजवणारेही असतात. पाइप बँडमध्ये पिकोलोचं काही काम नसतं. ड्रम-फ्लूटच्या बँडमध्ये बहुतेक वेळा सहा भोकांची, एखाद-दोन चाव्यांची किंवा बिनचाव्यांची छोटी फ्लूट लागते. मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या बनत आली आहेत. तिकडून येणाऱ्या मालात अशा साध्या फ्लुटेलाही कधी कधी पिकोलो म्हणतात. तुमच्या बँडला तीच हवी असेल तर काम स्वस्तात झालं. पण नोटेशन समोर ठेवून सगळे अर्धस्वर वाजवायचे असतील, तर मोठ्या फ्लुटेसारख्या पूर्ण चाव्यांचाच पिकोलो लागेल. ही चाव्यांची रचना थिओबाल्ड बेम या जर्मन वादक-कारागिराने १८४७ मध्ये मोठ्या फ्लुटेसाठी पक्की केली आणि पुढे पिकोलोतही तीच आली. म्हणून फ्लुटेची बोटं पिकोलोवर जवळजवळ जशीच्या तशी चालतात. फरक एवढाच, की पिकोलोला खालचा तुकडा नसतो, त्यामुळे तो 'डी'च्या खाली जात नाही.

तिसरा प्रश्न पट्टीचा. आज बहुतेक ठिकाणी 'सी'चा पिकोलो वाजतो: लिहिलेल्या स्वरापेक्षा बरोबर एक सप्तक वर. जुन्या लष्करी बँडमध्ये मात्र 'डी-फ्लॅट'चे पिकोलो असत आणि ते अजूनही जुन्या बाजारात फिरतात, स्वस्तही मिळतात. तो घेतला तर फ्लुटेचा कागद समोर ठेवून वाजवता येणार नाही, प्रत्येक स्वर अर्ध्या स्वराने चढा निघेल. ओळखायला सोपं आहे. दोन्ही करंगळ्या सोडून बाकी सगळी बोटं बंद करून खालचा 'डी' वाजवा. ट्यूनरवर (स्वर दाखवणाऱ्या यंत्रावर किंवा अॅपवर) 'डी' दिसला तर 'सी'चा, 'ई-फ्लॅट' दिसला तर 'डी-फ्लॅट'चा.

आणि एक प्रश्न घरातल्यांनी मुलाला विचारायचा: फ्लूट नीट जमते का? निदान वर्षभर फ्लूट वाजवून ओठांची ठेवण बसलेली नसेल, तर पिकोलो हातात देऊ नये. त्याचं छिद्र लहान, ओठांमधली फट त्याहून लहान, आणि हवा कमी पण वेगाने लागते. पाया कच्चा असताना पिकोलो धरला, की ओठ आवळून फुंकायची सवय लागते आणि फ्लूटही बिघडते.

लाकूड, धातू की प्लास्टिक

लाकडी पिकोलोचा आवाज सर्वांत गोड असतो, यात वाद नाही. ग्रेनॅडिला नावाच्या काळ्या, जड लाकडाचा चांगला पिकोलो सभागृहात ऐकताना सुख वाटतं. पण इंदूरच्या जानेवारीत सकाळी सात वाजता, पारा दहाच्या आसपास असताना, गार लाकडात गरम श्वास फुंकला तर ते तडकू शकतं. मे महिन्यातल्या उन्हाचं तर बोलायलाच नको. विद्यार्थ्याने लाकडी पिकोलो मैदानावर नेऊ नये.

पूर्ण धातूचा पिकोलो मजबूत असतो, चेपला तरी तुटत नाही, आणि पुष्कळ शाळांत तोच दिसतो. त्यातल्या अनेकांची आतली नळी सरळ असते. वरचे स्वर पटकन लागतात, पण आवाज टोकदार होतो आणि सूर सांभाळायला कष्ट पडतात. प्लास्टिक किंवा मिश्र द्रव्याच्या पिकोलोची नळी लाकडी पिकोलोसारखी खाली निमुळती होत जाते. आवाज त्यामानाने गोल, खालचे-मधले स्वर जास्त सुरात, आणि ऊन-पावसाचा त्या अंगावर फारसा परिणाम नाही. स्वस्त म्हणून लोक प्लास्टिकला नाक मुरडतात, पण मैदानासाठी मी डोळे मिटून तेच घ्यायला सांगेन.

हेड मात्र धातूचं बघा. पूर्ण प्लास्टिकच्या पिकोलोला बहुधा लिप प्लेट नसते. म्हणजे ओठ टेकवायला फ्लुटेसारखी उंचवट्याची जागा नसते, नुसती गुळगुळीत नळी. खुर्चीत बसून वाजवताना त्याची सवय होते. पण चालताना, 'दाहिने मुड'वर वळताना, घामाने ओलं झालेलं तोंड त्या नळीवरून सरकतं आणि स्वर सुटतो. धातूच्या हेडवर लिप प्लेट असते, ओठाला आपली जागा लगेच सापडते.

नावं द्यायची तर यामाहाचा वायपीसी-३२ हा याच बांधणीचा, प्लास्टिकचं अंग आणि चांदीचा मुलामा दिलेलं हेड. जगभरच्या विद्यार्थ्यांचा तो ठरलेला पिकोलो आहे. गेमाइनहार्टचा ४ पीएमएच आणि ज्युपिटरचा जेपीसी-१००० त्याच घडणीचे. गेमाइनहार्टचाच ४ पी हा पूर्ण प्लास्टिकचा, त्यामुळे जाहिरातीत शेवटची अक्षरं नीट वाचा. पर्लचा पीएफपी-१०५ मिश्र द्रव्याच्या अंगाचा, तोही चांगला. हे नवे घ्यायचे तर पाच आकडी रक्कम मोजावी लागते, म्हणूनच वापरलेल्याकडे वळायचं. 'स्प्लिट ई' नावाची एक जादा यंत्रणा काहींत असते, तिने वरचा 'ई' सोपा होतो. असली तर उत्तम, नसली म्हणून चांगला सौदा सोडू नये.

बिननावाच्या रंगीत पिकोलोंबद्दल सरळ सांगतो: घेऊ नका. त्यांच्या चाव्यांचा धातू इतका मऊ असतो, की बोटाच्या दाबाने वाकतो. एकदा वाकल्यावर कारीगर हात लावायला तयार होत नाहीत, कारण सरळ केली तरी ती टिकणार नाही हे त्यांना ठाऊक असतं.

शोधायचं कुठे

आधी माणसांत शोधा, मग मोबाइलवर. पचमढीला लष्कराची मिलिटरी म्युझिक विंग आहे. तिथे शिकून पुढे निवृत्त झालेला एखादा बँडवाला महूकडे किंवा शहरात ओळखीतून सापडला, तर त्याच्यासारखा सल्लागार नाही. मध्य प्रदेशात अलीकडे जिल्ह्याजिल्ह्यांत पोलीस बँड उभे राहिलेत, तिथल्या वादकांनाही विचारता येतं. कोण वाद्य विकतोय आणि पॅड कोण बदलून देतो, हे या मंडळींना माहीत असतं.

दुसरा मार्ग मुंबई-पुण्याचा. इंदूरच्या मराठी घरात तिकडे आत्या, मावशी, काका असतातच. मुंबईत फुर्टाडोजसारखी १८६५ पासूनची जुनी दुकानं आहेत, पाश्चात्त्य वाद्यं शिकवणारे शिक्षक आहेत, आणि विद्यार्थी पुढच्या पातळीवर गेले की जुनी वाद्यं विकतातही. संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेसने बसलं की सकाळी मुंबई. वाद्य बघायला एक फेरी मारणं हे कुरिअरने चुकीचं वाद्य मागवण्यापेक्षा स्वस्त पडतं. मुलाला मात्र सोबत न्या. वाजवणार तो आहे, आणि त्याच्या ओठांना कोणतं हेड मानवतं हे दुसरा कोणी सांगू शकत नाही.

परदेशातून मागवायचा मोह होतो, कारण अमेरिकेत वापरलेले विद्यार्थी-पिकोलो भरपूर निघतात. पण दिसणाऱ्या किमतीवर वाहतूक, कस्टम ड्यूटी, कर आणि कुरिअरचं शुल्क चढतं, आणि बिघडलेलं आलं तर परत पाठवणं जवळजवळ अशक्य. कोणी नातेवाईक येणार असेल तर गोष्ट वेगळी, पिकोलोची पेटी हातातल्या पिशवीत मावते. तेव्हाही सामानाचे कस्टमचे नियम आधी बघावेत आणि बिल जवळ ठेवावं.

ऑनलाइन विक्रेत्याला आधी तीन गोष्टी मागा: कंपनीचं नाव आणि नंबर कोरलेल्या जागेचा जवळून फोटो, चाव्या उघड्या असताना खालून दिसणाऱ्या पॅडचा फोटो, आणि वाजवतानाचा व्हिडिओ. विकणारा इंदूरचाच असेल तर सरळ म्हणावं, "भिया, एक बार ट्यूनर सामने रख के नीचे से ऊपर तक बजा के भेज दो." वाद्य वाजतं असेल तर त्याला यात अडचण वाटायचं कारण नाही.

हातात आल्यावर तपासणी

इथे घाई करू नका. अर्धा तास लागतो, पण खरेदीचं सगळं यश याच अर्ध्या तासात आहे. सोबत एक छोटा स्क्रू ड्रायव्हर, सिगारेटचा पातळ कागद आणि ट्यूनरचं अॅप घेऊन जा.

सुरुवात सांध्यापासून. हेड अंगात घालताना किंचित अडखळत, एकसारखं जायला हवं. सैल डुगडुगत असेल तर हवा तिथूनच जाईल आणि कवायत करताना हेड फिरेल. मग वाद्य डोळ्यासमोर आडवं धरून नळी सरळ आहे का, चाव्यांचे दांडे वाकलेत का ते बघा. लिप प्लेट नळीला जिथे जोडली आहे तिथे डाख उघडा पडला असेल, तर वाद्य बाजूला ठेवा. हेडच्या बंद टोकाला आत बुचाचा तुकडा असतो. पेटीतल्या साफसफाईच्या काडीच्या एका टोकाला आडवी रेघ असते. ते टोक आत घातलं की रेघ फुंकायच्या छिद्राच्या बरोबर मध्यभागी यायला हवी. नसेल तर बूच सरकलंय. ते बसवता येतं, पण तेवढं पैसे कमी करायला निमित्त मिळालं.

आता चाव्या. एकेक दाबून सोडा, ती टचकन वर आली पाहिजे. आळसावलेली चावी म्हणजे स्प्रिंग थकलेली किंवा दांडा गंजलेला. टोकांचे बारीक स्क्रू सैल असतील तर स्वतः घट्ट करू नका, विक्रेत्यासमोर दाखवा.

यानंतर गळती. पिकोलोच्या पॅडमध्ये नमद्याच्या चकतीवर पातळ पापुद्रा ताणलेला असतो, आणि पॅड इतके लहान की केसाएवढी फट राहिली तरी खालचे स्वर मरतात. हेड काढून ठेवा. अंगाचं खालचं टोक स्वच्छ पुसून घ्या. दोन्ही हातांची बोटं खालच्या 'डी'ला ठेवतात तशी ठेवा, म्हणजे दोन्ही करंगळ्यांच्या चाव्या मोकळ्या, बाकी बोटांखालच्या हलक्या दाबाने बंद. वरचं टोक दुसऱ्या कोणाला तरी तळव्याने घट्ट झाकायला सांगा आणि खालून हवा ओढा. चांगल्या वाद्यात हवा धरून राहते आणि तळवा काढताच बारीकसा 'टप' आवाज येतो. हवा ओढतच राहिली तर कुठेतरी फट आहे. बोटांवर जोर देऊन ती झाकायची नाही, कारण वाजवताना तेवढा जोर देता येत नाही.

फट नेमकी कुठे ते कागद सांगतो. सिगारेटच्या कागदाची अरुंद पट्टी पॅडखाली सरकवा, चावी हळू मिटा, पट्टी हळू ओढा. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी असं चार वेळा करा. चारही बाजूंना सारखाच अडकाव जाणवला पाहिजे. एका बाजूने पट्टी सुळकन निसटली तर पॅड तिथे टेकत नाही. एक-दोन पॅड असे निघाले तर हरकत नाही, बदलता येतात. निम्म्याहून जास्त निघाले, किंवा पापुद्रे फाटून पिवळे-काळे झालेले दिसले, तर सगळेच पॅड बदलायचा खर्च गृहीत धरून किंमत बोला.

फुंकून बघताना मधल्या 'बी'पासून एकेक बोट वाढवत सावकाश 'डी'पर्यंत उतरा. ज्या स्वराला आवाज अचानक फाटतो किंवा पातळ होतो, त्या वेळी जी चावी नव्याने मिटली तीच बहुधा दोषी असते. वर जाताना तिसऱ्या सप्तकातल्या 'ए'पर्यंत स्वर लागले तर पुरे. त्याच्या वरचे 'बी' आणि 'सी' मुरलेल्या वादकांनाही झगडायला लावतात. पिकोलोचा तो 'सी' म्हणजे पियानोची अगदी शेवटची पट्टी. त्यावरून वाद्याला नापास करू नका.

सूर

वाद्य आधी दोन-तीन मिनिटं हाताच्या उबेत ठेवून, आत गरम श्वास सोडून तापवा. ट्यूनर ४४० वर (म्हणजे 'ए'च्या नेहमीच्या ४४० हर्ट्झवर) लावा. हेड पूर्ण आत न घालता दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवा आणि मधला 'ए' वाजवा. तो इथेच सुरात यायला हवा.

एवढा आग्रह का, ते सांगतो. हवेचं तापमान एका अंशाने उतरलं की फुंकवाद्याचा सूर साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतो. सव्वीस जानेवारीच्या सकाळी नेहरू स्टेडियमवर रांगेत ताटकळत उभं राहिल्यावर पिकोलो गार पडतो आणि उतरतो. तेव्हा उपाय एकच, हेड आत ढकलायचं. घरातच ते पूर्ण आत घालून जेमतेम सुरात येत असेल, तर मैदानावर ढकलायला जागाच उरत नाही. बाहेर काढायचं गणित उलटं. नळी आखूड असल्यामुळे एक मिलिमीटरनेसुद्धा मधला 'ए' आठ-नऊ सेंट उतरतो. फ्लुटेच्या अंदाजाने पिकोलोचं हेड खेचलं तर फार खाली जातं, हे मुलांना आवर्जून शिकवा.

'ए' जमला की तिन्ही सप्तकांतले 'डी' वाजवून बघा. पंधरा-वीस सेंटचा फरक ओठांनी सावरता येतो. त्याहून जास्त असेल, आणि सोबत आलेल्या जाणत्या फ्लूटवादकालाही तोच अनुभव आला, तर कितीही स्वस्त असला तरी सोडा. पॅड बदलता येतात, नळी बदलता येत नाही.

घरी आणल्यावर

वाजवून झालं की दरवेळी काडीला पातळ सुती किंवा रेशमी कापड गुंडाळून आतली ओल टिपा. ओलं कापड पेटीत ठेवू नका, पावसाळ्यात पॅड त्यानेच कुजतात. पॅड चिकटायला लागला तर तोच सिगारेटचा कागद खाली धरून चावी दोन-चार वेळा हलकेच मिटा, कागद दाबून ओढू नका. सांध्याला बूच असेल तर त्यालाच ग्रीस लावायचं, धातूत धातू बसत असेल तर नुसतं पुसायचं. उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत पिकोलो कधीही ठेवू नका, तिथल्या उष्णतेने पॅडचा चिकट थर सुटतो. पंधरा ऑगस्टच्या सरावात पावसाची सर आली तर वाद्य शर्टाच्या आत आणि मुलगा छपराखाली, बाकी बँड काय करतोय ते बघत थांबायचं नाही.

शेवटी कानांचं, आणि हे आई-वडिलांनी मनावर घ्यावं. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही कानाला सुरक्षित मर्यादा मानतात. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. पिकोलोचे वरचे स्वर वाजवणाऱ्याच्या उजव्या कानापाशी सहज तिथपर्यंत जातात. औषधाच्या दुकानात मिळणारा फोमचा इअर प्लग घरच्या रियाजात उजव्या कानात घालायचाच, आणि वरच्या सप्तकाचा रियाज एका बैठकीत दहा मिनिटांपुरताच ठेवायचा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर तो खिडक्या लावून, संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास करावा. शेजारच्या आजींना आधी सांगून ठेवलं तर त्याही विचारतील, परेड कधी आहे म्हणून.